वेबसाइटवर आईचे फुगे

माझी स्वतःची वेबसाइट आहे म्हटलं की गावात अजूनही विचारतात, "मग विकतेस काय तिच्यावर?" खरं उत्तर द्यायचं तर मी लिखाण विकते. दातांच्या दवाखान्यांची माहितीपत्रकं, क्लासवाल्यांच्या जाहिराती, विरारच्या नव्या इमारतींची वर्णनं. इमारतीच्या आसपास खाडी असो वा नसो, वर्णनात खाडीचा वारा घालावाच लागतो. पण हे सगळं रस्त्यात सायकल थांबवून कुणाला समजावणार? "केळी विकते," म्हणते आणि पुढे निघते.

केळी म्हणण्यालाही कारण आहे. वेबसाइटसाठी फोटो हवा होता, तेव्हा मी आमच्या वाडीत केळीच्या रांगेपुढे उभी राहिले. वाडी वसईत, निर्मळ गावाच्या अलीकडे, विहिरीला लागून, आणि घरही त्यातच. फोटो छान आला. वेबसाइट सुरू झाल्यावर मी रोज संपर्काचं पान उघडून बघायची, की कुणी काम देतंय का. पहिला निरोप आला तो नाशिककडच्या एका गृहस्थाचा. त्यांनी केळीचा घाऊक भाव विचारला होता आणि गाडी कुठे पाठवू असंही विचारलं होतं. मी दोन दिवस चिडून होते, मग मलाच हसू आलं.

वेबसाइट करायची वेळ का आली, तर माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. नोकरी सोडून कितीतरी वर्षं घरून लिहीत होते, पण सगळं दुसऱ्यांच्या नावावर. डॉक्टरांचं मनोगत मी लिहिलेलं, शाळेच्या मुख्याध्यापकांचं भाषण मी लिहिलेलं, बिल्डरच्या दिवंगत वडिलांच्या आठवणीसुद्धा मीच लिहिलेल्या, आणि त्या ऐकून बिल्डर रडला म्हणे! नवीन गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमचं काहीतरी वाचायला पाठवा." पाठवणार काय, कपाळ?

नालासोपाऱ्यात एक मुलगी वेबसाइट करून देते असं कळलं. मुलगी म्हणजे चांगली दोन लेकरांची आई, पण मला सगळ्याच मुली वाटतात. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, ओट्याशेजारी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. घरची मंडळी कधीकाळी उत्तरेकडून आलेली, ती मात्र सोपाऱ्यातच वाढलेली. मराठी-हिंदीची अशी खिचडी बोलते की ऐकत राहावं.

"दीदी, पहले ये बताओ, तुमची स्पेशालिटी काय? म्हणजे लोक तुमच्याकडेच का येणार?"

"मी वेळेत देते," मी म्हटलं.

"वो तो टपालवाला भी देता है."

मला राग आला, पण बोलणं खरं होतं. तिने पानं आखली: माझ्याविषयी, केलेली कामं, संपर्क. मी म्हटलं, अजून एक पान हवं, 'घरचं' नावाचं. त्यात मी आमच्या घराचं, वाडीचं, आईचं लिहिणार. तिने कपाळाला हात लावला. दवाखानेवाल्याला तुमच्या आईच्या वालाच्या भाजीशी काय करायचंय, असा तिचा सवाल होता. एक धंदा, एकच दुकान, असं ती मला तासभर समजावत राहिली. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "ते पान हवंच." का हवं, ते तिला सांगितलं नाही.

ते पान माझ्या बहिणीसाठी होतं. माझी थोरली बहीण, मी तिला बाय म्हणते. माझ्याहून बरीच मोठी, नर्स आहे. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर कॅनडाच्या पश्चिम टोकाला गेली ती तिथलीच झाली. आई होती तोवर दर रविवारी तिचा फोन यायचा. मी फोन स्पीकरवर करून ओट्यावर ठेवायची. आई भाजी निवडता निवडता तिच्याशी बोलायची: कोण गेलं, कुणाचं लग्न चर्चमध्ये पुकारलं, विहिरीचं पाणी किती खाली गेलं. मी आत-बाहेर करत मधेच दोन वाक्यं टाकायची. तेव्हा मला वाटायचं की मीही बायशी बोलतेय. आई गेली आणि लक्षात आलं, तो फोन आईचा होता. माझ्या वाट्याला त्यातली फक्त फोडणी होती.

भांडण वगैरे काही झालं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना लगेच वाटतं वाडीवरून झालं असेल. झालं असतं तर बरं होतं, निदान काही बोलणं तरी झालं असतं. आई गेल्यावर काही रविवार फोन आला. "कशी आहेस?" "बरी." "जेवलीस?" "हो. तुझ्याकडे बर्फ?" "आहे." एवढ्यावर फोन बंद. मग महिन्याने आला, मग सणाला. मग नुसते हलत्या मेणबत्त्यांचे आणि देवदूतांचे फोटो यायला लागले, तेही कुणीतरी तिला पाठवलेले. मीही उलट मेणबत्तीच पाठवायची. सख्ख्या बहिणी आम्ही, आणि एकमेकींना मेणबत्त्या दाखवत बसलो होतो!

मला तिची खुशाली नको होती. मला तिचं ओरडणं हवं होतं. बाय म्हणजे आमच्या घरातली पोलीस. माझा भांग वाकडा, माझं अक्षर वाकडं, माझं बसणं वाकडं. शाळेत 'आमची वाडी' असा निबंध मिळाला होता. मी लिहिलं, पहाटे रहाटाचा कुईकुई आवाज येतो. बायने वही वाचली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "रहाट कधी पाहिलास गो? पंप आहे आपल्याकडे. खोटं कशाला लिहितेस?" मी भोकाड पसरलं. रडत रडत रहाट खोडला आणि पंप लिहिला. पंपाचा आवाज कसा येतो तेही तिनेच तोंडाने करून दाखवलं आणि मला हसवलं. चुकीचं काही दिसलं की तिला राहवायचंच नाही. आणि हे सगळं आमच्या घरच्या बोलीत, जी आई गेल्यापासून माझ्याशी घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. इथे मी ती जशीच्या तशी लिहीत नाही, तुम्हाला कळेल अशी करून लिहिते.

तर वेबसाइट सुरू झाली आणि वेबसाइटवालीने मला एक गंमत दाखवली. जगाचा नकाशा होता, आणि कुणी आपलं पान उघडलं की त्या गावावर निळा ठिपका यायचा. वसईवर ठिपका, म्हणजे मीच. मुंबईवर दोन-चार. आणि कॅनडाच्या पश्चिम टोकाला, बरोबर बायच्या शहरावर, एक ठिपका!

काय सांगू, माझं काळीज सुपाएवढं झालं. बायला वेबसाइटचा पत्ता मी पाठवला होता, एका मेणबत्तीच्या खाली. तिने उत्तर दिलं नव्हतं. पण वाचत होती तर! मी 'घरचं' मध्ये काही टाकलं की तो ठिपका हमखास यायचा. त्या ठिपक्यासाठी मी काय काय लिहिलं. पाटाच्या पाण्यात आम्ही दोघींनी सोडलेल्या केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या होड्या. मे महिन्यात क्रूसापाशी जपमाळ झाल्यावर मिळणारे उकडलेले चणे, आणि ते फ्रॉकच्या ओच्यात भरून बायने केलेली पळापळ. आईने जुन्या चादरीचे आम्हाला शिवलेले एकसारखे झगे. ठिपका यायचा. फोन यायचा नाही.

वर्ष असंच गेलं. कामं तुरळक मिळत होती. मी एकदा डोक्यात राखच घालून घेतली. वाचतेस ना? मग तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस? बरं, नाही बोलायचं तर नको बोलू. पण चूक दिसल्यावर कशी गप्प बसतेस, तेच बघते. असं म्हणून मी गळ टाकला. मुद्दाम, ठरवून, एक खोटं लिहिलं.

आमच्याकडे फुगे म्हणजे जत्रेतले नव्हेत. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी एकत्र फेटून पीठ आंबवायचं आणि मुठीतून पिळून गोळे तेलात सोडायचे. ते टम्म फुगतात, म्हणून फुगे. लग्नाचं जेवण त्यांच्याशिवाय होत नाही. आणि आमच्या गावात लग्न ठरलं की तारखेच्या आधी माझ्या आईला विचारायचे, कारण फुगे आईनेच करायचे. तिच्या हातचे फुगे दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचे. त्याचं सगळं श्रेय ताडीला. आई स्वतः म्हणायची, ताडी चांगली तर फुगा चांगला, बाकी सगळं वायफळ. दुकानातलं यीस्ट घालणाऱ्या बायकांचं नाव निघालं तरी ती नाक मुरडायची.

मी लिहिलं, माझी आई फुग्यांत ताडी नाही, यीस्ट घालायची.

लिहिलं आणि नकाशा उघडून बसले. ठिपका आला. आता फोन येणार, मी म्हटलं. फोन आला, पण तो होळी बाजाराजवळ राहणाऱ्या आतेबहिणीचा. "अगो, वेड लागलं का तुला? मामीने कधी यीस्टला हात लावला होता?" पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मला चार जणींनी घेरलं. शेजारची काकी तर कुंपणापाशी येऊन माझ्या नावाने शंख करायला लागली. स्वतः ती कॉम्प्युटर उघडत नाही, पण नातीने वाचून दाखवलं होतं. "मेलेल्या आईवर असला आळ घेतेस? तिच्या ताडीचा वास अजून माझ्या नाकात आहे!" वेबसाइटवर खाली लोकांनी लिहिलं, आखातातून, इस्रायलमधून, बोरिवलीतून. कुणी आईच्या फुग्यांच्या आठवणी सांगितल्या, कुणी मला शिव्या दिल्या, आणि मग माडाची माडी चांगली की ताडाची ताडी चांगली यावर त्यांची आपापसातच जुंपली. सगळं गाव बोललं. ठिपका आला आणि गेला, आला आणि गेला.

गंमत म्हणजे माझा धंदा चालला तो त्याच खोट्यावर. मुंबईत मसाले विकणाऱ्या एका बाईंच्या नजरेला ते भांडण पडलं. फोन करून म्हणाल्या, "तुमच्या पानावर माणसं भांडतात, म्हणजे त्यात जीव आहे. आमच्यासाठी लिहाल? तुमच्या नावाने छापू." माझ्या नावाने! इतकी वर्षं ज्यासाठी धडपडले, ते असं दारात चालत आलं. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. दवाखाने आणि इमारती हळूहळू सुटल्या. वेबसाइटवाली खुश झाली आणि म्हणाली, "देखा दीदी, तुमची स्पेशालिटी मिली ना!" त्या पानाला आपला विरोध होता हे ती साफ विसरली.

मी पेढे घेऊन सोपाऱ्याला तिच्या घरी गेले, तेव्हाही माझा जीव मात्र त्या ठिपक्यातच अडकलेला होता. मी तिला नकाशा काढायला लावला आणि बोट ठेवून सांगितलं, "ही माझी बहीण."

ती जवळ सरकून बघायला लागली. काहीतरी दाबलं, काहीतरी उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीदी, ये कोई आदमी नहीं है. मशीन आहे. काहीही नवीन टाकलं की हे मशीन येऊन बघून जातं. सगळ्यांच्या साइटवर येतं. माझ्याकडे पण रोज येतं." तिने दुसऱ्या कुणाची तरी वेबसाइट उघडली. पनवेलच्या एका पंक्चरवाल्याची. तिथेही तोच ठिपका, त्याच शहरावर.

मी चहा घेतला, दोन शब्द बोलले आणि निघाले. रिक्षात मात्र डोळ्यांतलं पाणी थांबेना. दीड-दोन वर्षं मी एका मशीनला केळीच्या होड्या आणि आईने शिवलेले झगे सांगत होते. माझी बाय त्यात कुठे नव्हतीच. तिने बहुधा पत्ता उघडलाही नसेल. मेणबत्ती बघितली आणि पुढे गेली असेल.

घरी आले आणि सगळ्यात आधी ते फुग्यांचं पान उघडलं. जिच्यासाठी खोटं बोलले तीच वाचत नाही, मग आईची बदनामी कशाला ठेवायची? काकी म्हणत होती तेच खरं. मी ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, "माझी आई फुग्यांत फक्त ताडीच घालायची. आधी लिहिलं होतं ती माझी चूक. आई, माफ कर." आणि कॉम्प्युटर बंद करून फुलझाडांना पाणी घालायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप लावत होते तेव्हा फोन वाजला. बाय. मला वाटलं, कुणी गेलं. नाहीतर ती अशी आडवारी करायची नाही. हॅलो म्हणायलाही तिने मला वेळ दिला नाही.

"कुणी सांगितलं तुला बदलायला?"

"काय बदलायला?"

"फुग्यांचं! चांगलं खरं लिहिलं होतंस. चार बायका बोंबलल्या की लगेच शेपूट घातलीस? लहानपणापासून अशीच आहेस. आधी काहीतरी धड लिहायचं आणि मग कुणी डोळे वटारले की खोडायचं!"

माझ्या हातातून पाइप सुटला. पाणी पायावर वाहत होतं. मी कसंबसं म्हटलं, "बाय, आई ताडी घालायची."

"डोंबल घालायची! ताडीवाला म्हातारा लेकीकडे चांदीप गावाला राहायला गेला ना, तेव्हापासून आईला मनासारखी ताडी मिळालीच नाही. बाजारातली सगळी पाणचट, पीठ फुगायचंच नाही. लग्नाचं पीठ एकदा वाया गेलं तेव्हा किती रडली होती माहितीये? मग मी यीस्ट आणायला लागले. गावातल्या दुकानातून नाही हां, सोपाऱ्याहून, कुणी बघू नये म्हणून. वासापुरती वर वाटीभर ताडी घालायची ती. काकीला वाटतं तिच्या नाकात ताडी आहे!"

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"तुला कोण सांगणार? तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का? माझ्याकडून शपथ घेतली होती तिने. मी गेल्यावरही दर सुट्टीला यीस्टची पाकिटं माझ्याच बॅगेतून यायची." तिकडे भांड्याचा आवाज आला. "मी वाचलं ना ते, तेव्हा वाटलं, शेवटी शेवटी आईने तुला सांगितलं असणार. बरं वाटलं मला. आणि खरं सांगू? वाईटही वाटलं. आईचं आणि माझं तेवढं एकच काय ते होतं. म्हणून काही बोलले नाही. आणि बोलायचं काय? त्यात चूक कुठे होती?"

विहिरीच्या कठड्यावर मी बसले. मी मुद्दाम खोटं लिहिलं होतं, तुला ओरडायला लावण्यासाठी, हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. त्याऐवजी विचारलं, "बाकीचं वाचतेस?"

"सगळं वाचते. कामावर जेवणाच्या सुट्टीत, तिथल्या कॉम्प्युटरवर. होड्यांचं वाचून तर सगळ्यांसमोर रडले, एका म्हाताऱ्या बाईंनी मला रुमाल दिला. पण फ्रॉकच्या ओच्यात चणे मी नव्हते घेतले, ते तू. आणि फ्रॉकला ओचा असतो का गो? तेही लिहायचं होतं मला, मग म्हटलं जाऊ दे, एवढी मोठी लेखिका झालीये, आपण कशाला बोलायचं."

"बोल ना," मी म्हटलं.

"रडतेस काय? आणि पंप चालू आहे ना, मला ऐकू येतोय. पाणी वाया जातंय, बंद कर आधी!"

मी धावत जाऊन पंप बंद केला.

"आता त्या फुग्यांचं काय करू?" मी विचारलं. "पुन्हा यीस्ट लिहू?"

तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, कढईत काहीतरी चुरचुरत होतं. "राहू दे," ती शेवटी म्हणाली. "आईला ताडीच आवडली असती. पण पिळताना मूठ पाण्यात बुडवून घ्यायची हे लिहिलंच नाहीस, ते लिही. कोरड्या हाताने कुणी पिळेल आणि तुझ्या नावाने बोटं मोडेल. थांब, माझी भाजी लागली. फोन ठेवू नकोस."

तिने फोन ओट्यावर ठेवला असावा. उलथन्याचा आवाज आला, नळ वाहिला, ती तिच्या नवऱ्याला आमच्या बोलीत काहीतरी रागावली. मी विहिरीच्या कठड्यावर फोन कानाला लावून बसून राहिले, आणि ठेवला नाही.